बावीस ओळींची बाग

१

बागवाली कार्यालयात शिरली तेव्हा तिच्या एका हातात सरकारी पत्र होतं आणि दुसऱ्या हातात फांद्या छाटायची कात्री. पत्र वाचल्या वाचल्या झाडावरून उतरून निघाली असावी, कात्री खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं. शिपायाने तिला दारात अडवलं, कात्रीकडे बघितलं आणि मुकाट्याने बाजूला झाला.

पत्र छापील होतं. आपल्या अर्जानुसार नासपतीची जुनी बाग काढून टाकण्याच्या अनुदानाचा पहिला हप्ता आपल्या खात्यात जमा झाला आहे. झाडे उपटण्याचे मशीन उद्या सकाळी नऊ वाजता येईल, तरी फाटक उघडे ठेवावे.

“मी अर्ज केलाच नाही,” ती साहेबांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. टेकडी उतरताना तो वाटेत सांडून गेला होता.

नासपती उदंड झाली होती, बाजार पार बसला होता. म्हणून सरकारने ठरवलं होतं, जो बागायतदार आपली म्हातारी बाग मुळासकट काढेल त्याला अनुदान द्यायचं. निम्मं खोरं तसंच उघडं झालं होतं. जिथे वसंतात पांढरं पांढरं दिसायचं तिथे आता नुसते खड्डे होते, दात काढलेल्या हिरडीसारखे.

साहेबांनी फाईल उघडली. अर्ज होता. बाग कागदावर बागवालीच्याच नावाने होती आणि अर्जाखाली तिचीच सही होती. तिने ती बराच वेळ बघितली. शेवटी म्हणाली, माझ्यासारखी आहे, पण माझी नाही.

साहेब मनाने वाईट नव्हते, पण नियम सोडून त्यांना काही दिसत नसे. त्यांनी समजावून सांगितलं. हप्ता जमा झाला की अर्ज मागे घेता येत नाही. सही खोटी आहे म्हणावं तर चौकशी लागते आणि चौकशीला सहा महिने. उद्याचं मशीन दोनच गोष्टींनी थांबेल. ज्याने सही केली त्याने स्वतः तसं लिहून द्यावं, नाहीतर पाहणीत खोट निघावी.

“पण पाहणी आपल्या मोजणीबाईंची आहे,” साहेब म्हणाले. “बत्तीस वर्षांत त्यांच्या आकड्याला कुणी बोट लावलेलं नाही. तेव्हा ते राहूच द्या.”

कोपऱ्यातल्या टेबलावर मोजणीबाईंच्या हातातली फूटपट्टी जागच्या जागी थांबली.

कारण त्या बागेत त्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

२

पाहणीच्या दिवशीच त्यांची आई न्हाणीघरात पडली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून, गुडघ्यावर गठ्ठा ठेवून त्यांनी सात अर्जांवर ‘प्रत्यक्ष पाहिले, ओळी बरोबर’ असं लिहून सह्या ठोकल्या होत्या. पुढे सहा बागांमध्ये चोरासारख्या जाऊन त्या ओळी मोजूनही आल्या. आकडे जुळले, जीव भांड्यात पडला. सातवी बाग टेकडीच्या माथ्यावर. आज जाऊ, उद्या जाऊ करत ती राहून गेली होती.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. खोटी पाहणी म्हणजे बडतर्फी, पेन्शनवर पाणी. घरी आई आणि त्या, तिसरं कुणी नाही.

“साहेब, आजचा दिवस मला द्या,” त्या म्हणाल्या. “सही कुणाची ते मी बघते.”

साहेबांना वाटलं, बाई किती कर्तव्यदक्ष. खरं तर स्वतःची चोरी झाकायला बाई दुसऱ्याचा चोर शोधायला निघाली होती. उद्या नऊच्या आत त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या की मशीन थांबेल आणि पाहणीचा कागद कुणी उघडणार नाही.

त्यांनी अर्ज पहिल्यांदा नीट वाचला, आणि एक आकडा त्यांना कुसळासारखा टोचला. झाडांच्या ओळी : बावीस.

भिंतीवरच्या नकाशात बागेच्या ओळी चोवीस होत्या. आता बागायतदाराचा आकडा नकाशापेक्षा एकाने कमी भरतो, हे बाईंना पाठ होतं. पश्चिमेच्या कडेची ओळ वाऱ्याची. ती वारा खाते, फुलं गाळते, टोपलीत काही देत नाही. म्हणून या खोऱ्यातला कुणीही आपल्या बागेच्या ओळी सांगताना वाऱ्याची ओळ धरत नाही. लबाडी नव्हे, जिभेची सवय. बाई दर वेळी हसून एक ओळ वाढवून घ्यायच्या.

म्हणजे कागदावरून भरणाऱ्याने चोवीस लिहिलं असतं. बागेतल्या माणसाने तेवीस. मग हे बावीस कुणाचं?

कार्यालयाच्या जिन्याखाली अर्जवाल्याचं टेबल होतं. खोऱ्यातला प्रत्येक अर्ज त्याच्याच अक्षरात जायचा आणि मंजूर झालेल्या प्रत्येक अर्जामागे त्याचा वाटा ठरलेला. बाईंना बघून तो स्टुलावरून अर्धवट उठला आणि म्हणाला, आज मोजणी थेट जिन्याखाली आली की काय.

अर्ज त्याच्याच अक्षरात होता, ते त्याने लगेच कबूल केलं. सहीवर मात्र कानावर हात. एका सकाळी पत्रपेटीत पाकीट पडलेलं होतं. आत कोरा अर्ज, खाली आधीच केलेली सही, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवरून त्याने रकाने भरले.

“कोऱ्या अर्जावर सही बघून तुम्हाला काही वाटलं नाही?”

“बाई, इथे लोक सही आधी करतात आणि कशावर केली ते मला नंतर विचारतात,” तो म्हणाला. “हां, पेन मात्र धड नसावं बिचारीकडे. प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलंय. सुरुवातीला ठळक, मग फिकं, मग पुन्हा वरून.”

चिठ्ठी त्याने टाचणीला लावून ठेवली होती. औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीने गट क्रमांक, खाते क्रमांक आणि ‘ओळी २२’. अक्षर वर वर चढत गेलेलं, वेलीसारखं.

“बावीस बरोबर आहे का, म्हणून नकाशा नाही पाहिलात?”

“मी कशाला पाहू? मोजायला तुम्ही आहात ना.”

त्याला त्यात टोमणा मारायचा नव्हता. पण बाईंना तो बरोबर लागला.

३

टेकडी चढताना धाप लागली. बागवाली कात्री खांद्याला लावून पुढे चालत होती. पन्नाशी कधीच मागे पडलेली, डावं मनगट जरा वाकडं. गेल्या हंगामात शिडीवरून पडली आणि हात घरच्या घरी बांधला, असं तिने विचारल्यावर सांगितलं. डॉक्टरकडे का नाही गेलात? झाडं तोडणीला आली होती, एवढंच.

घराच्या खिडकीशी खाट होती. खाटेवर तिचा नवरा, तात्या. तीन वर्षांपूर्वी तेही वाऱ्याच्या ओळीतून पडले, तेव्हापासून कंबरेखालचं सगळं गप्प. उशीही चालत नव्हती, सपाट उताणे पडून असायचे. खिडकीतून त्यांना बागेचे फक्त शेंडे दिसत. त्यांनी बाईंना नमस्कार केला. कोण आलंय ते कळल्यावर मान पुन्हा छताकडे वळवली.

“आज वारा पश्चिमेचा आहे,” एवढंच म्हणाले.

बाईंना ओळी मोजायच्या होत्या. बागवाली म्हणाली, चला, मी मोजून देते, आणि गुणगुणायला लागली. सासूकडून आलेली, मोजणीची ओवी. प्रत्येक ओळीला एक चरण, ओळ ओलांडली की चरण संपला.

पहिली ओळ उंबऱ्याची, पाय धुऊन जायाची,
दुसरी ओळ विहिरीची, वाकून पाणी प्यायाची…

खोडं काळी पडलेली, सालींना भेगा, आणि त्या भेगांतून मुंग्यांची ये-जा. बाई मनात बोटं मोजत होत्या. सोळाव्या ओळीपुढे बागवालीचा आवाज किंचित हळू झाला.

सतरावी गं माहेराची, डोळा भरून पाहायाची…

हा चरण सासूचा नव्हता, तो तिने स्वतः घातला होता. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती रोज रडायची. तिच्या माहेरी परसात नासपतीचं एक झाड होतं. तात्या एक शब्द न बोलता सायकल घेऊन गेले आणि ओल्या गोणपाटात त्या झाडाच्या काड्या बांधून आणल्या. अख्खी ओळ त्या काड्यांची कलमं बांधून उभी केली. पुढे माहेर विकलं गेलं, परसातलं झाडही गेलं. माहेर म्हणून उरली ती ही सतरावी ओळ. तिची फळं बाकीच्यांहून बारीक, पण गोड.

तेविसावी ओळ थांब्याची, मागे वळून यायाची.

ती वळली. पुढे आणखी एक ओळ होती. वाकडीतिकडी, फांद्या सगळ्या एकाच बाजूला, जणू कुणीतरी केसांना धरून ओढलेली. वाऱ्याची. ओवीत तिला जागा नव्हती.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “परवडत नाही, हात धड नाही. अनुदान घेऊन मोकळं व्हावं, असं कधी वाटलं नाही?”

बागवालीने खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

“घरात बसले तर मला त्यांचा श्वास ऐकू येतो, बाई. एक आला की दुसरा येईल का, म्हणून मी थांबून राहते. इथे झाडावर असले की तेवढं तरी ऐकू येत नाही. झाडं गेली तर मी दिवसभर कुठे जाऊ?”

तेवढ्यात विहिरीकडून कुणीतरी हाक दिली आणि बागवालीचा चेहरा दगडासारखा झाला.

“तो बघा,” ती म्हणाली. “माझा दीर. बाग काढा, काढा म्हणून तीन वर्षं माझ्या मागे लागलाय.”

४

दीर पंप दुरुस्त करायचा. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले, तोंड त्याहून सैल. बाईंनी पत्राचं सांगितलं तसा तो पाना खाली ठेवून उभाच राहिला.

बाग जावी असं मला वाटतंच, म्हणाला. वहिनी त्या शिडीवरून एक दिवस उलथी पडेल आणि मग दोन खाटा टाकाव्या लागतील. पण मला जे म्हणायचं ते मी तोंडावर म्हणतो, दर आठवड्याला म्हणतो, आणि शिव्याही खातो. पाठीमागून सही करायला मी काय वहिनीला भितो? मग जरा थांबून म्हणाला, भितो म्हणा.

“ओळी किती आहेत बागेत?” बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तेवीस,” तो पटकन म्हणाला. “लहानपणी ओवी म्हणत पळायचो की. आईची ओवी.”

पाकीट तुम्ही टाकलंत का, असं विचारायची गरज उरली नाही. बावीस हा त्याचा आकडाच नव्हता.

उताराच्या पायथ्याशी नर्सरीवाला राहायचा. ज्याची जुनी बाग जाई त्याला नवी रोपं लागत आणि रोपं मिळत ती याच्याकडे. खोऱ्यात जितके खड्डे, तितकी याची भरभराट. दिराशी त्याचं पाण्यावरून भांडण, चार वर्षं तोंड बघत नव्हते. तात्यांशी मात्र जुनी दोस्ती. दर बुधवारी खाटेशी बसून पत्त्यांचा डाव टाकायचा.

तो रोपांना पाणी घालत होता. बाईंनी विचारलं, वरच्या बागेच्या अर्जाबद्दल काही ठाऊक आहे का.

“मला काय ठाऊक असणार,” त्याने झारी खाली ठेवली. “मी रोपं विकतो. लोकांची पाकिटं पोचवणं हा काही माझा धंदा नाही.”

बाई हलकेच म्हणाल्या, “पाकिटाचं मी बोललेच नव्हते.”

झारी कलंडली. पाणी त्याच्या चपलांखालून वाहत गेलं आणि तो त्या पाण्याकडेच बघत राहिला. सापडला, असं बाईंना वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला, पेन काढलं आणि म्हणाल्या, सही मी केली एवढंच लिहा, बाकी मी सांभाळून घेते.

“सही मी नाही केली.”

“मग बागेच्या ओळी किती?”

“तेवीस. रोपांचा हिशेब मी कधीच करून ठेवलाय, खोटं कशाला बोलू?” तो ओशाळून म्हणाला. “पाकीट टाकलं मी. बंद होतं. आत काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, अर्जवाल्याच्या टेबलावर दिसलं तेव्हा.”

“कुणी दिलं?”

त्याने मान हलवली. शब्द दिलाय, म्हणाला. पोलिसांना बोलवा, साहेबांना बोलवा, ते सांगणार नाही. मग डोळे पुसले आणि दबक्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही शोधू नका. ज्याने केलं त्याला शिक्षा आधीच झालेली आहे.”

५

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आई पलंगावर पडून होती, पडल्यापासून तिला बसवत नव्हतं. पेन्शन कार्यालयाचा हयातीचा दाखला आला होता. मी जिवंत आहे असं तिने सही करून कळवायचं होतं. बाईंनी कागद पुठ्ठ्यावर लावून तिच्या तोंडासमोर धरला, हातात पेन दिलं.

आईने पहिलं अक्षर काढलं. ठळक. दुसरं फिकं. तिसरं नुसता ओरखडा.

“मेलं हे पेनसुद्धा माझ्यासारखंच,” आई म्हणाली. “वर तोंड केलं की शाई खाली जाते त्याची.”

तिने पेन झटकलं, पुन्हा गिरवलं. ठळक, फिकं, पुन्हा वरून.

“दे इकडे ती पेन्सिल. पेन्सिलीला आडवं-उभं कळत नाही.”

बाई त्या सहीकडे पाहत राहिल्या. आईने विचारलं, काय गं, इतकी काय वाईट आली सही? बाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

चिठ्ठी पेन्सिलीची. औषधाच्या खोक्यावर लिहिलेली. अक्षर वर वर चढणारं. शब्द पाळायला दोस्त असा, की तो दर बुधवारी खाटेशी बसतो. आणि आकडा बावीस. चोवीसातून वाऱ्याची ओळ जिभेच्या सवयीने गेली. राहिल्या तेवीस. त्यातली आणखी एक ज्याच्या हाताने लिहवली नाही, असा माणूस या खोऱ्यात एकच होता.

६

सकाळी बाई आठला वर पोचल्या. बागवाली फाटकाशी होती. तिने फळं तोडायची लांब शिडी फाटकात आडवी घातली होती आणि तिच्यावर बसली होती. बाईंना तिने काही विचारलं नाही, फक्त तोंडाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, आलेच, आणि आत गेल्या.

तात्या जागेच होते.

“सतरावी ओळ तुम्ही मोजली नाहीत,” बाई म्हणाल्या.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. एक, आणि मग बऱ्याच वेळाने दुसरा. बागवाली काय म्हणत होती ते बाईंना आता कळलं.

“ती कशी देऊ?” तात्या छताला म्हणाले. “बाकीच्या मी लावल्या, मी देतो. ती तिची आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबून थांबून. पस्तीस वर्षं तिची सही बघितली होती, हाताला पाठ होती. कोरा अर्ज भावाने कधीतरी वहिनीपुढे टाकलेला, तो उशाशीच राहिला होता. डॉक्टर येऊन गेले तेव्हा ती झाडावर होती. पानगळ बघाल, बहर बघणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. ते तिला त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्यामागे ही तेवीस ओळी एकटी ओढत राहील, म्हणाले. ऐकायची नाही. एक दिवस तिचंही मनगट नाही, मानच मोडेल आणि उचलायलाही कुणी नसेल. बाग गेली तर ती सुटेल. हातात चार दिवस निवांत येतील. आणि बसायला सतरावी ओळ राहील.

बाईंनी खाटेची कड घट्ट धरली.

“तात्या, मशीन मोजत नाही,” त्या म्हणाल्या. “बावीस लिहा की चोवीस लिहा, अख्खा गट उपटतात. आज सतरावीही जाईल.”

तेव्हा त्यांनी मान वळवली. त्या चेहऱ्याकडे बाईंना बघवेना. मग हात चाचपडत निघाला, उशाशी, औषधांच्या बाटल्यांमध्ये, पेन्सिल शोधत.

“कागद द्या,” ते म्हणाले. “लिहून देतो. सही मी केली म्हणून. लवकर द्या.”

कागद बाईंच्या पर्समध्ये तयार होता. काल दिवसभर त्या हेच मागत फिरल्या होत्या. हे लिहून घेतलं की मशीन थांबलं असतं, त्यांची पाहणी झाकलेली राहिली असती. फक्त नियमाप्रमाणे तो कागद पुढे पोलिसात गेला असता. आणि या माणसाचे उरलेले दिवस, बहरापर्यंतचेही नाहीत, खाटेभोवती बसलेल्या हवालदारांना उत्तरं देण्यात गेले असते. बायकोसमोर.

खालून मशीनची घरघर चढत आली. खिडकीतले शेंडे वाऱ्यावर तसेच डुलत होते, पण खाटेखालचं पाण्याचं भांडं थरथरू लागलं.

“कागद द्या ना, बाई.”

बाईंनी कागद काढला. तो त्यांनी तात्यांच्या हातात दिला नाही. खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि स्वतः उभ्या उभ्या लिहायला लागल्या. उभ्याने धरलेलं पेन कुठेही अडखळलं नाही.

‘सदर बागेची प्रत्यक्ष पाहणी मी केलेली नव्हती. न पाहता बरोबर म्हणून लिहिले. काल मोजल्या असता ओळी चोवीस भरल्या. अर्जातील आकडा चुकीचा असून पाहणी खोटी आहे. सबब अर्ज रद्द समजावा.’ खाली सही. पर्समधला शिक्का तोंडाची वाफ देऊन ओला केला आणि उमटवला.

“पाहणीच खोटी ठरली की अर्ज तिथेच संपला,” त्या म्हणाल्या. “हप्ता परत जातो, फाईल बंद. मग खालची सही कुणी बघत नाही.”

“आणि तुमचं?”

“माझं माझ्या आईला सांगावं लागेल. तुमचं तुम्ही त्यांना सांगा. डॉक्टरांचंसुद्धा. ते मी नाही सांगणार.”

फाटकाशी मशीनवाला खाली उतरला होता. मावशी, मलाही वर जाब द्यावा लागतो हो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मावशी शिडीवरून हलत नव्हती. बाईंनी त्याला कागद दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि साहेबांना फोन लावून बाईंच्या हातात दिला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, विचार करा. हे माझ्या टेबलावर आलं तर मला डोळेझाक करता येणार नाही. आठ महिने राहिलेत तुमचे.

“माहीत आहे साहेब,” बाई म्हणाल्या. “कागद पाठवते.”

मशीन उताराला लागलं. जाताना फाटकाबाहेरचा एक धोंडा त्याने उखडून नेला, तेवढाच. बागवाली शिडीवरून उतरली, पण शिडी तिने हलवली नाही. तिलाच टेकून उभी राहिली.

“कोण होतं?” तिने विचारलं. “दीर?”

“नाही.”

“नर्सरीवाला?”

बाईंनी मान हलवली. वाऱ्याने पर्सचा पट्टा फडफडत होता. शब्द त्यांनी कुणाला दिला नव्हता, तरी नाव त्यांनी घेतलं नाही.

“अर्जात ओळी बावीस होत्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “तेवीसमधली एक त्याला लिहवली नव्हती. एवढंच मला सांगता येईल.”

बागवाली ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली. उंबऱ्याची, विहिरीची… बोटं एकेक मिटत गेली, हात संपले, पुन्हा पहिल्यापासून मिटली. सतराव्याला ती थांबली. पुढचा चरण आलाच नाही. ती नुसती उभी राहिली, डोळे भरून, ओवीत सांगितलं होतं तशी.

मग ती खिडकीकडे चालत गेली. आत गेली नाही, बाहेरूनच दोन्ही हातांनी गज धरले. बाई पाठ फिरवून उताराला लागल्या होत्या, पण वारा पश्चिमेचा होता आणि शब्द त्याच्याबरोबर खाली येत होते.

“अहो,” बागवाली म्हणाली, “चोवीस आहेत. वाऱ्याची धरून चोवीस. मोजा माझ्याबरोबर.”

आतून बराच वेळ काही आलं नाही. तिने वाट पाहिली, जशी ती रोज पाहायची. मग एक थकलेला, फाटका आवाज पहिल्या ओळीच्या उंबऱ्यावर आला.